बॅटरीवर आळ

सकाळी चावी फिरवली, सेल्फने नुसतंच टक्-टक् केलं आणि गाडी गप्प बसली, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. शेजारच्या दोघांना हाक मारून धक्का द्यायचा, गाडी कशीबशी सुरू करून बॅटरीच्या दुकानापर्यंत न्यायची, जुनी मोडीत देऊन नवी बसवून घ्यायची. दुकानदार वॉरंटीचं कार्ड भरून देतो, गाडी एका झटक्यात सुरू होते आणि प्रश्न मिटला असं वाटतं. बॅटरीलाही आयुष्य असतं, ते संपलेलं असेल तर प्रश्न खरोखरच मिटतो. पण अनेकदा चार-पाच महिन्यांत तीच सकाळ पुन्हा उजाडते, आणि मग लोक म्हणतात, हल्लीच्या बॅटऱ्यांत पूर्वीचा दम राहिला नाही.

माझं म्हणणं असं, की यातल्या पुष्कळ बॅटऱ्या निर्दोष असतात. गाडीच्या विजेच्या व्यवस्थेत कुठेही काही बिघडलं, तरी त्याचा परिणाम शेवटी बॅटरीवर दिसतो, म्हणून शिक्षाही तिलाच होते. बॅटरी वीज साठवते. गाडी चालू असताना वीज तयार करतो तो अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री अजूनही डायनामोच म्हणतात. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे खालचा पंप, असं समजलं तर मधे पाइप आहेत, व्हॉल्व्ह आहेत आणि घरात कुठेतरी रात्रभर ठिबकणारा नळही आहे. टाकी रिकामी दिसली की आपण टाकी बदलतो.

हे तपासायला फार थोडी साधनं लागतात: काही शे रुपयांचा मल्टिमीटर, हायड्रोमीटर, एक टॉर्च आणि अर्धा तास. त्यातला अर्धा तास हल्ली कुणी द्यायला तयार नाही.

०

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फौंड्री आणि वेल्डिंगच्या गाळ्यांच्या अधेमधे ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकानं आहेत. या लेखासाठी मी अशाच एका दुकानात जाऊन बसत होतो. मालक साठीच्या आसपासचे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना मिस्त्रीच म्हणतो. हाताखाली दोन मुलं, त्यातला एक आयटीआय झालेला. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जुने अल्टरनेटर, फळीवर रोटर आणि बेअरिंगं, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि त्यांचा घशाला झोंबणारा आम्लाचा वास.

श्रावणातल्या एका पावसाळी दुपारी गगनबावडा रोडला वडाप, म्हणजे शेअर गाडी, चालवणारे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. उतरतानाच वैतागलेले.

"मिस्त्री, दुसरी बॅटरी ही. पाडव्याला टाकलीया. आज पुन्हा धक्का मारून आलोय. दुकानवाला म्हणतोय, माल चांगला हाय, चार्जिंग बघून घ्या. आणि गॅरेजवाला म्हणतोय, डायनामोच बदला."

"बदलायचं नंतर बघू की, पाव्हणं. आधी बघू तरी काय हाय ते."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पण मीटर हातात घेतला नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी आधी पट्टा पाहिला. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला. साधारण एक सेंटिमीटर दबला म्हणजे ताण ठीक. मग पट्टा जरासा पिळून त्याची आतली बाजू टॉर्चच्या उजेडात पाहिली. तिथे आडव्या भेगा असतील किंवा रबर काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर पट्टा वरून कितीही चांगला दिसला तरी तो पुलीवर घसरतो. पावसात, थंड इंजिनवर सेल्फ मारल्यावर जी किंचाळी ऐकू येते ती या घसरण्याची. घसरला की अल्टरनेटर कमी फिरतो, कमी फिरला की कमी वीज देतो. वडापचा पट्टा ठीक होता.

मग बॅटरीची टर्मिनलं. त्यांच्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली नव्हती. मिस्त्रींनी प्रत्येक टर्मिनल हाताने फिरवून पाहिलं. पान्याशिवाय जागचं हललं तर तिथेच निम्मा आजार, असं त्यांनी मुलाला सांगितलं. झाकणं काढून पाण्याची पातळी बघितली. प्लेटा उघड्या पडल्या असत्या तर भरपाई डिस्टिल्ड वॉटरने करायची. वरून ॲसिड ओतण्याची चूक अजूनही काही ठिकाणी होते, आणि त्याने प्लेटा लवकर खलास होतात.

त्यानंतर चावी फिरवली, पण सेल्फ मारला नाही. डॅशबोर्डच्या पॅनेलवर बॅटरीचं लाल चिन्ह उजळलं. "लागला ना दिवा? मग पुढं." हा दिवा न लागणं हीच चांगली गोष्ट, असं पुष्कळांना वाटतं. गाडी चालू झाल्यावर तो विझायला हवा हे बरोबर. पण चावी फिरवताक्षणी तो लागलाच पाहिजे. अल्टरनेटरच्या आतला रोटर हा विजेवर चालणारा चुंबक असतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याला चुंबक बनवणारी पहिली चिमूटभर वीज या दिव्यातूनच जाते. दिव्याचा बल्ब उडाला तर अल्टरनेटर धडधाकट असूनही जागा होत नाही. दोन-पाच रुपयांच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदलून घेतलेले लोक मिस्त्रींनी पाहिले आहेत.

याच वेळी त्यांनी एक जुनी तपासणी करून दाखवली. चावी चालू, इंजिन बंद. स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेलं आणि ते हातातून ओढल्यासारखं खटकन चिकटलं. म्हणजे कार्बन ब्रश रोटरच्या कड्यांना टेकलेले आहेत, रोटरचं वाइंडिंग तुटलेलं नाही, त्याला वीज पोहोचते आहे. एका स्क्रू ड्रायव्हरने एवढं कळतं. चावी बंद केल्यावर ओढ गेली. मुलाने मग स्वतः दोनदा करून पाहिलं.

०

आता मीटर. त्याआधी हेडलाइट मिनिट-दीड मिनिट लावून बंद केले, कारण नुकतीच चाललेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि तो फसवतो. तो उतरल्यावर दोन टर्मिनलांमधे मीटर धरला: १२.१ व्होल्ट.

बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी खरं तर सहा सेलची असते, प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडं अधिक दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. सामान्य माणूस "बारा आहेत की" म्हणून समाधान मानतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. सगळा फरक दशांश चिन्हाच्या पुढे आहे.

सेल्फ मारताना मीटर ९.४ पर्यंत खाली आला. सेल्फ फिरत असताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. म्हणजे बॅटरी अशक्त होती, यात वाद नव्हता. बॅटरीच्या दुकानात तपासणी इथेच संपते आणि पावती फाडली जाते. पण ती अशक्त का झाली, हे या दोन आकड्यांतून कळत नाही.

इंजिन सुरू झालं. थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर धरला: १३.३. वडापवाले म्हणाले, "वाढलं की. म्हंजे चार्जिंग चालू हाय."

चालू होतं, पण पुरेसं नव्हतं. निरोगी गाडीत, दीड-दोन हजारांच्या रेसवर, बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. १५ च्या आसपास गेले तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी उकळणार, पाणी आटणार, बल्ब उडणार. १३.३ वर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. मिस्त्रींनी हेडलाइट लावायला सांगितले, ब्लोअर पूर्ण सोडला. आकडा १२.८ वर आला.

इथे गॅरेजवाल्याचं निदान खरं वाटू लागतं: डायनामो कमजोर झाला. मिस्त्रींनी मीटरची लाल तार बॅटरीवरून उचलली आणि अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर टेकवली, जिथून वीज बाहेर पडते. १४.२.

अल्टरनेटर १४.२ देत होता. बॅटरीला १२.८ मिळत होते. मधले १.४ व्होल्ट कुठेतरी गळत होते.

ही गळती शोधण्याची पद्धत मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटते. इंजिन चालू, दिवे लागलेले. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही एकाच वाटेची टोकं. वाट निर्वेध असेल तर मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. ०.२, फार तर ०.३ चालतं. इथे १.४ आले. मग एक तार अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर: ०.०५. अर्थिंग उत्तम. म्हणजे दोष पॉझिटिव्हच्या वाटेवर. आता एक तार जागेवर ठेवून दुसरी बॅटरीकडून अल्टरनेटरकडे पुढे पुढे आणायची, प्रत्येक जोडावर टेकवत. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडेल, तिथे चोर.

चोर इंजिनच्या बाजूने जाणाऱ्या वायरिंगच्या जुडग्यात सापडला. कधीतरी ठोकर लागल्यावर कुणीतरी मूळची जाड केबल कापून तिथे बारीक तार घातली होती, पीळ मारून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप वितळून चिकट झालेली, आतलं तांबं काळंठिक्कर. मिस्त्रींनी क्लॅम्प मीटर लावला: २८ अँपियर. २८ गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ ४० वॅट. दिवसभर, प्रत्येक फेरीत, तेवढी वीज एका टेपखाली नुसती उष्णता होऊन जात होती.

आणि अल्टरनेटरला याचा पत्ता नव्हता. त्याचा रेग्युलेटर आपल्याच दारातला व्होल्टेज मोजत होता, तिथे सगळं ठीक होतं. पॅनेलवरचा लाल दिवाही याच कारणाने विझलेला, कारण दोन बाजूंतला दीड व्होल्टचा फरक बारा व्होल्टचा बल्ब नीट पेटवायला पुरत नाही.

जुनी तार काढून नव्या जाड केबलला दोन्ही टोकांना दाबून लग बसवले, वर नळी चढवली. फरक ०.१ वर आला. बॅटरीवर दिवे लावून १४.१. बॅटरी रात्रभर मंद चार्जिंगला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने सहाही सेल तपासले. पूर्ण भरलेल्या सेलमधे आम्लाची घनता १.२६५ च्या आसपास असते, उष्ण प्रदेशात भरलेल्या बॅटऱ्यांत थोडी कमी. इथे सगळे सेल १.२३० ते १.२४० च्या दरम्यान निघाले. थोडे थकलेले, पण सारखे. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असता तर बॅटरी खरोखर गेलेली असती. ही वाचली. आधीची बहुधा याच कारणाने गेली असावी, पण ती तपासायला कुणाकडे राहिली नव्हती.

अर्धवट चार्ज बॅटरीला का मारतो, तेही सांगायला हवं. वीज देताना शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो, चार्जिंग झालं की तो विरघळतो. चार्जिंग वेळेवर आणि पुरतं झालं नाही तर त्या थराचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, मग ते सहजी सुटत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी बनवली, आणि तिचा हा स्वभाव आजतागायत तोच आहे. उपाशी राहिलेलं तिला सोसत नाही.

०

मिस्त्री कामाला लागले तेव्हाच्या गाड्यांत खराखुरा डायनामो असे. ॲम्बॅसॅडर आणि फियाटच्या जुन्या मॉडेलांत तो कटआउटसह यायचा. इंजिन संथ चालत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नसे, सिग्नलला थांबलं की लाल दिवा मिणमिणू लागायचा. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर गाडीत घालणं परवडू लागलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला. आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली, आणि पुढे देशातल्या कितीतरी गाड्यांच्या सेल्फवर नि अल्टरनेटरवर तिचंच नाव दिसू लागलं.

अल्टरनेटरच्या पोटात फिरणारा चुंबक आणि त्याच्याभोवती तीन वाइंडिंगं असतात. त्यात निर्माण होणारी वीज दिशा बदलत राहते, ती बॅटरीला चालत नाही. मागच्या प्लेटवरचे सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात. यातला एखादा डायोड गेला, तर गंमत अशी की व्होल्टेज बऱ्यापैकी नीट दिसतो. पण दिवे किंचित थरथरतात, रेडिओत इंजिनच्या रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते आणि गाडी उभी असताना बॅटरी उलट्या वाटेने अल्टरनेटरमधेच उतरते. मीटरचं बटण एसीवर फिरवून बॅटरीवर धरलं तर हा दोष पकडता येतो. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की डायोड प्लेट खोलायची. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही.

डायनामोच्या काळातली एक सवय मात्र अजून टिकून आहे, आणि ती टिकू नये असं मला तीव्रतेने वाटतं. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं: इंजिन चालत राहिलं तर डायनामो चांगला, बंद पडलं तर खराब. रस्त्याकडेच्या गॅरेजात आजही हे सर्रास होतं. अल्टरनेटर जोरात चार्जिंग करत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली, तर क्षणभरासाठी व्होल्टेज साठ-सत्तरच्याही वर उसळू शकतो. बॅटरी असते तेव्हा ती हा उसळा पोटात घेते. ती नसली की तो थेट इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, एअरबॅगच्या यंत्रणेपर्यंत, रेडिओपर्यंत जातो. आधी चांगला असलेला अल्टरनेटरही या तपासणीत मरू शकतो. कॉम्प्युटर गेला तर बिल काही हजारांत जातं आणि दोष कुणाच्याच नावावर लागत नाही. उद्यमनगरातल्या त्या दुकानात असं करायला सक्त मनाई आहे. गिऱ्हाइकाने स्वतः पाना हातात घेतला तरी मिस्त्री त्याला थांबवतात.

०

दोष नसलेल्या गाडीतही बॅटरी उतरू शकते, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात.

मुंबईत पावसाळ्यातली संध्याकाळ घ्या. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे. दोन हेडलाइट मिळून सव्वाशे वॅटच्या आतबाहेर, म्हणजे सुमारे १० अँपियर. मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि ब्रेकचे दिवे धरून आणखी ५. काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर पूर्ण, १५ ते २०. वायपर ४-५. मागच्या काचेचा डीफॉगर १० ते १५. रेडिएटरचा पंखा मधूनमधून १० च्या वर. इंधनपंप, इंजेक्टर, इग्निशन मिळून १० च्या आसपास. बेरीज ६० च्या पुढे सहज जाते. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर ६५ किंवा ७५ अँपियर लिहिलेलं असतं खरं, पण तो आकडा इंजिन चांगलं पळत असतानाचा. संथ चालणाऱ्या इंजिनवर तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. उरलेलं बॅटरी देते. तासभर असं रांगल्यावर घरी पोहोचलेली बॅटरी, सकाळी निघाली होती त्यापेक्षा रिकामी असते. कुणाचंच काही बिघडलेलं नसतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा हायवेवर तासभर मोकळं पळवणं हा खरा उपाय. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालवण्याने तेवढं भरून निघत नाही.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि गाड्या आठवडेच्या आठवडे सोसायटीच्या आवारात उभ्या राहिल्या, तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवलं. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटची कुलपं आणि कॉम्प्युटरची स्मृती वीज पीत असतात. हे पिणं ५० मिलिअँपियरच्या आत असावं. तेवढंही धरलं तर दहा दिवसांत १२ अँपियर-तास जातात. ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीचा तो तिसरा हिस्सा. त्यात कुणी डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडलेला असेल, ॲम्प्लिफायर असेल, भाड्याच्या गाडीला ट्रॅकर असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

ही गळती मोजताना घाई करून चालत नाही. निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मीटर जोडायचा, दारं बंद करून गाडीला लॉक लावायचं आणि वीस-तीस मिनिटं वाट पाहायची, कारण आजच्या गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. आकडा खाली स्थिरावला नाही तर एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडेल, ती शाखा दोषी. मी बसलो असताना एका गाडीत डिकीचा दिवा निघाला. डिकी बंद केल्यावरही तो विझत नव्हता. तो शोधायला मोबाइलचा कॅमेरा चालू करून आत ठेवला आणि डिकी बंद केली.

विदर्भाचा प्रश्न याहून वेगळा. अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. दर दहा अंशांनी बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. उष्णता वाढली की रेग्युलेटर मुद्दाम व्होल्टेज थोडा खाली आणतो, म्हणजे बॅटरी उकळू नये. त्यामुळे तापलेल्या इंजिनवर १३.७ दिसले तर अल्टरनेटरला नावं ठेवण्याआधी बाहेरचं ऊन पाहायला हवं. पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेचा आकडा आणि अकोल्याच्या मेमधला दुपारचा आकडा एकाच मापाने तोलता येत नाहीत.

सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावरही फार विसंबू नये. तो सहापैकी एकाच सेलमधे असतो. बाकीच्या पाचांचं त्याला काही कळत नाही.

०

मिस्त्रींच्या दुकानात अल्टरनेटर अजून खोलून दुरुस्त होतात. चार लांब स्क्रू काढले की तो दोन अर्ध्यांत उघडतो. आत काळी भुकटी असते, ब्रश झिजून पडलेली. ब्रशची लांबी पाच मिलिमीटरच्या खाली गेली की ते कड्यांवर नीट टेकत नाहीत आणि चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही. रोटरच्या दोन कड्यांमधे मीटर धरला तर तीन-चार ओहम यावेत. कडी आणि दांडा यांच्यामधे काहीच येऊ नये. बेअरिंग बोटांवर फिरवून ऐकायचं. दोन बेअरिंगं, ब्रशची जोडी, कड्यांवर हलका पॉलिश पेपर, आणि मशिन परत उभं राहतं. खर्च नव्याच्या कितीतरी कमी. मोठ्या वर्कशॉपांत हे काम आता होत नाही, तिथे अख्खा अल्टरनेटर बदलतात. त्यांचं वेळेचं गणित मला समजतं. पण वडाप, टेम्पो, रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाला काही हजारांचा फरक म्हणजे पोरांची फी असते. ब्रश बदलणारा हात शहरातून नाहीसा होणं म्हणजे त्याच्या खिशातून कायमचा पैसा जाणं आहे.

आयटीआय झालेला मुलगा दुकानात टिकून आहे तो नव्या गाड्यांमुळे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल आणि चालकाने वेग मागितला, तर तो १२.५-१३ पर्यंत खाली आणतो, म्हणजे इंजिनवरचा भार हलका होतो. पाय उचलला, गाडी उताराला लागली, की १५ च्या जवळ नेऊन फुकटची वीज भरून घेतो. अशा गाडीत इंजिन चालू करून एकदा मीटर धरला आणि १२.८ दिसले, तर तो दोष नसेलही. हेडलाइट लावून, रेस बदलून, स्कॅनरवर कॉम्प्युटरची मागणी काय आहे ते बघूनच बोलावं लागतं. या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी असते, बॅटरीत किती आलं आणि किती गेलं ते मोजणारी. जंपर केबलची किंवा चार्जरची काळी तार थेट बॅटरीच्या खुंटीवर लावली तर तो हिशेब चुकतो. ती इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर लावायची. जंपरच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, ती बॅटरीपासून लांब पडलेली बरी. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची, वारंवार सेल्फ सोसणारी बॅटरी लागते. स्वस्तात मिळते म्हणून साधी घातली की ती लवकर बसते, आणि पुन्हा आळ बॅटरीवर.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की यातून सुटका झाली, असंही नाही. तिच्यात अल्टरनेटर नसतो, पण दिवे, कुलपं आणि कॉम्प्युटर चालवायला बहुतेकांत तीच बारा व्होल्टची बॅटरी असते. तिला मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर चार्ज करतो. ती छोटी बसली, तर पोटात शेकडो किलोमीटरची वीज असलेली गाडी दारही उघडत नाही.

गाडीमालकाने यातलं सगळं शिकावं अशी माझी अपेक्षा नाही. पण बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलायला कुणी सांगितलं, तर बिलावर पाच आकडे लिहून मागायचा त्याला हक्क आहे: गाडी बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, रेसवर किती, सगळे दिवे लावून किती, आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत किती गळती. मिस्त्री हे आकडे स्वतःहून लिहितात, खाली तारीख घालतात आणि त्याची एक चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतात. पुढच्या वेळी गाडी कुठल्याही दुकानात गेली, तरी तिथल्या माणसाला तुलना करायला काहीतरी मिळतं. दुकानातल्या त्या आयटीआयवाल्या मुलाने आता स्कॅनर घेतला आहे आणि तो त्यावर झपाट्याने काम करतो. तरी तारांची तपासणी तो जुन्याच पद्धतीने करतो, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, जोडाजोडावर मीटर टेकवत. टेपखाली काळं पडलेलं तांबं स्कॅनरच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.